"विशेष काही नव्हतं गं" म्हणणाऱ्या इंग्लिश आजींना नेमकं काय विचारायचं?

तुमचा प्रश्न बाकीच्यांना कळावा म्हणून थोडक्यात परत लिहिते. तुमच्या यजमानांच्या आजी ९१ वर्षांच्या आहेत, लिंकनशायरच्या फेन भागात (म्हणजे दलदल उपसून शेतीखाली आणलेला सखल प्रदेश), स्पाल्डिंगजवळ, शेतमजुराच्या घरात वाढल्या आणि लग्नानंतरही शेतावरच राहिल्या. तुम्ही फोन रेकॉर्डिंगला लावून "तुमच्या लहानपणाबद्दल सांगा ना" म्हणता, त्या "गरिबी होती पण सुखात होतो, विशेष काही नव्हतं गं" एवढं बोलून थांबतात आणि दहा मिनिटांत विषय संपतो. तुम्हाला चांगल्या प्रश्नांची यादी हवीय. शिवाय त्या जे सांगतात ते कितपत खरं धरायचं हे कळत नाहीये, आणि घरातले एकदोघं म्हणतायत की जुनं कशाला उकरून काढायचं.

मी बरीच वर्षं नॉरफोक-सफोक भागात एका छोट्या ग्रामीण म्युझियमसाठी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं काम करतेय. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, शेतकरी घर, त्यामुळे या कामात मला काय उपयोगी पडलं आणि कुठे जपून राहावं लागलं तेही सांगते.

यादी मुद्दाम देत नाहीये, कारण खरी अडचण प्रश्न कमी पडतायत ही नाहीच. अडचण अशी आहे की तुम्ही आठवण मागताय. आठवण मागितली की माणूस आयुष्याचा निकाल सांगतो, "कष्ट होते पण सुख होतं", हे वाक्य त्यांनी नातवंडांना, शेजाऱ्यांना, चर्चमधल्या लोकांना इतक्या वेळा सांगितलेलं असतं की ते गुळगुळीत झालेलं असतं, त्यात खोटं काही नाही पण त्याच्या आत शिरायला जागाच नाही. म्हणून आठवण मागू नका, काम विचारा. हाताने केलेलं काम, आधी काय, मग काय, कशाने, कोणाबरोबर, पाणी कुठून, जाळ कशाचा. कामाचा क्रम सांगायला माणसाला विचार करावा लागत नाही, हातच बोलतात, आणि त्या क्रमातच माणसं येतात, भांडणं येतात, आजारपण येतं, सगळं येतं.

अर्थात हे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. आजींना ऐकू नीट येतं का, विसरायला होतं का, सकाळी तरतरी असते की दुपारी, हे तुम्हालाच माहीत. स्मृतिभ्रंश सुरू झाला असेल तर क्रम विचारून उलट घाबरवल्यासारखं होतं, तेव्हा प्रश्नच नकोत, वस्तू हातात द्यायची आणि गप्प बसायचं. आणि सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, घर मजुराचं होतं, शेतकऱ्याचं होतं, की स्वतःच्या पाचदहा एकरांचं. तुम्ही मजुराचं म्हणालात, पण लग्नानंतर काय झालं? मजुराच्या घराला बहुतेक वेळा टाइड कॉटेज असायचं, म्हणजे नोकरी आहे तोवर घर, नोकरी गेली की घरही गेलं. इंग्लंडमध्ये शेतमजुराला अशा घरातून सहज काढता येऊ नये असा कायदा व्हायला १९७६ साल उजाडलं. म्हणजे आजींच्या तरुणपणी मालकाशी वाद घालणं म्हणजे छप्पर पणाला लावणं होतं, आणि हे माहीत नसेल तर "वडील फार शांत होते" या वाक्यात काय काय असू शकतं ते तुमच्या लक्षात येणार नाही.

आता सुरुवात कुठून करायची. मी जवळजवळ नेहमी सोमवारपासून करते. इंग्लंडच्या खेड्यात सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस, हे इतकं ठरलेलं होतं की रविवारी भाजलेलं मांस उरायचं ते सोमवारी थंडच खायचं, कारण त्या दिवशी स्वयंपाकाला ना चूल मोकळी असायची ना बाई. कॉपर म्हणजे विटांच्या चौथऱ्यात बसवलेलं मोठं गोल भांडं, खाली जाळ, ते पहाटेच पेटवायचं. पांढरे कपडे आदल्या रात्री भिजवलेले, ते आधी उकळायचे, मग रंगीत, आणि सगळ्यात शेवटी त्याच पाण्यात शेतावरच्या मातीच्या पँटी. पिंपात कपडे घालून डॉलीने, म्हणजे खाली लाकडी पाय असलेल्या दांड्याने, ते घुसळायचे, मग मँगलच्या दोन रुळांतून पिळायचे. त्यात घालताना बटणं आतल्या बाजूला घडी करायची, नाहीतर फुटतात. शेवटच्या पाण्यात नीळ, मग कॉलरला, एप्रनला खळ, आणि उरलेल्या साबणाच्या पाण्याने फरशी आणि मागचा संडास. मंगळवारी इस्त्री, दोन इस्त्र्या आळीपाळीने चुलीवर तापवायच्या, एक हातात असताना दुसरी तापत असते.

हे मी तुम्हाला एवढं सांगतेय ते यासाठी की तुम्हाला हे आधी थोडं माहीत असलं तर पुढचा प्रश्न विचारता येतो. "धुणं कसं करायचात?" याला उत्तर "हातानेच गं, कष्टाचं होतं" असं येतं. "पाणी कुठून आणायचात?" याला वेगळं उत्तर येतं.

सफोकमधल्या एका बाईंचं सांगते. त्यांचंही तुमच्या आजींसारखंच, विशेष काही नव्हतं. मी पाण्याचं विचारलं. म्हणाल्या, कपड्यांना पंपाचं पाणी चालायचं नाही, जड असायचं, साबण वाया जायचा, म्हणून छपराचं पावसाचं पाणी पिंपात साठवायचो. मी विचारलं, पिंपापासून कॉपरपर्यंत कोण आणायचं? आई. वडील शेतावर गेलेले, भाऊ लहान. मग त्यांनी हात खाली सोडले, दोन बादल्या धरल्यासारखे, खांदे जरा मागे नेले आणि पोट पुढे काढलं. म्हणाल्या, आई अशी चालायची त्या वर्षी, बादल्या पोटाला लागू नयेत म्हणून हात लांब धरून. दिवस भरले होते. धुणं दोरीवर घातलं, दुपारनंतर ती वर गेली आणि संध्याकाळी धाकटा भाऊ झाला, आणि कपडे मी स्टुलावर चढून काढले कारण दव पडायला लागलं होतं आणि आई वरून खिडकीतून ओरडत होती की कपडे आत घे. त्यांच्या मुलाने हे कधीच ऐकलेलं नव्हतं. मी बाळंतपणाबद्दल एक शब्दही विचारला नव्हता, बादलीचं विचारलं होतं.

दुसरं म्हणजे शेत आणि घर असे दोन वेगळे कप्पे करू नका. बहुतेक जण तसं करतात, आजोबांना शेताचं विचारतात आणि आजींना स्वयंपाकाचं. दोन घोड्यांच्या नांगराने ९ इंचाचं तास धरून एक एकर नांगरायचं म्हटलं तर हिशेबाने जवळपास ११ मैल चालणं होतं, आणि एकर हे एका दिवसाचं नेहमीचं काम समजायचे. तेही फेनच्या चिकट मातीतून. मग ते बूट संध्याकाळी कोण काढायचं, कुठे वाळवायचे, मोजे कोण रफू करायचं, घोड्यांना कामाआधी वैरण घालायला माणूस पहाटे चार-पाचला उठायचा तर त्याचा चहा कोणी केला? नांगरटीच्या आठवणीत अर्धं घर आहे. आणि उलटही, तुमच्या भागातल्या बायका शेतावर भरपूर राबल्या. १९३९ च्या रजिस्टरमध्ये, जे युद्ध सुरू झाल्यावर २९ सप्टेंबर १९३९ ला सैन्याबाहेरच्या सगळ्या लोकांची नोंद करून केलं, बहुतेक लग्न झालेल्या बायकांपुढे "बिनपगारी घरकाम" असं लिहिलेलं दिसतं. त्याच बाया ऑक्टोबरमध्ये बटाटे वेचत होत्या, वसंतात बीटाची विरळणी करत होत्या. कागदावर ते नाही, म्हणून ते फक्त आजींसारख्या माणसांकडेच आहे, आणि मला या कामाची खरी ओढ त्याचमुळे आहे.

तुमच्या भागात बीट आणि बटाटा विचारल्याशिवाय उठू नका. साखरेच्या बीटाचं काम ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, ऐन थंडीत. नांगरासारख्या अवजाराने ओळ सैल केली की बीट पानांना धरून उपटायचं, दोन्ही हातांत एकेक, आणि एकमेकांवर आपटायचं म्हणजे माती झडते. मग ओळीने मांडून ठेवायचं आणि टोकाला खिळा असलेल्या कोयत्याने उचलून एका घावात पानाचा शेंडा उडवायचा. पानांवर बर्फाचे कण, हात ओले, कमरेला गोणपाट बांधलेलं. ज्यांनी हे केलंय त्यांना नुसतं "बीट कसं आपटायचात" विचारा, हात आपोआप वर येतात, मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय, ज्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही त्यांचेसुद्धा. आणि डाव्या हाताचं बोट किंवा अंगठा नीट बघा, बऱ्याच जणांच्या तिथे जुनी खूण असते, तिच्याबद्दल विचारलं की पुढचा अर्धा तास तुम्हाला काही करावं लागत नाही.

बटाट्याचं वेगळं. यंत्र ओळ उकरून बटाटे बाजूला फेकत जायचं आणि बायका-मुलं आपापल्या वाट्याची लांबी वेचायची, यंत्र परत यायच्या आत ती संपली पाहिजे. इथे विचारा की वाटा कोण मोजून द्यायचं, मुलांना अर्धा वाटा मिळायचा का, पैसे हातात कोणाच्या पडायचे, आईच्या की वडिलांच्या, आणि त्या पैशातून काय यायचं. मजुराच्या घरात मुलांचे हिवाळ्याचे बूट बहुतेक अशाच जादाच्या पैशातून यायचे. आणि जेवणाच्या सुट्टीला तुमच्याकडे काय म्हणायचे तेही विचारा, फेनमध्ये डॉकी म्हणतात, सफोकला कापणीच्या वेळी दुपारच्या खाण्याला फोर्सेस, यॉर्कशायरला अजून काही, आणि आपला शब्द समोरच्याला माहीत आहे हे कळलं की माणूस खुलतो.

आता आपल्या मराठी असण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की "मी परकी, मला त्या काय सांगणार". मला अगदी उलट वाटतं. नातवाला त्या कॉपर म्हणजे काय हे समजावून सांगणार नाहीत, त्यांना वाटतं त्याला माहीत असेल किंवा त्याला कंटाळा येईल. तुम्हाला समजावतील, कारण तुम्हाला माहीत नसणं साहजिक आहे. शिवाय तुम्ही जर गावाकडच्या असाल तर मळणी, पेंढी, गंजी, सरवा वेचणं हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. आज इंग्लंडमध्ये साठीच्या आतल्या माणसाने हाताची कापणी पाहिलेली नसते, त्यामुळे पेंढी कशाने बांधायची हा प्रश्न त्यांच्या डोक्यात येतच नाही, तुमच्या येईल. बाइंडर यंत्र आल्यावर सुतळीची गाठ यंत्रच मारायचं, पण शेताच्या कडेचा पहिला फेरा माणसं लांब दांड्याच्या विळ्याने हाताने कापायची, म्हणजे घोड्यांच्या पायाखाली उभं पीक येणार नाही, आणि त्या पेंढ्या त्याच पिकाच्या काड्यांच्या वेठाने बांधायच्या. सरव्याचंही तसंच, कापणी झाल्यावर बायका-मुलं लोंब्या वेचायला शेतात शिरायची आणि काही गावांत त्यासाठी चर्चची घंटा वाजायची, घंटेच्या आधी कोणी शिरायचं नाही. तुमच्या आजींच्या काळापर्यंत हे बहुतेक ठिकाणी मागे पडलेलं होतं, पण त्यांच्या आईने, आजीने केलेलं असेल आणि कोंबड्यांना दाणे म्हणून त्यांनीही थोडंफार वेचलं असेल, म्हणून विचारून बघा.

पण इथेच जपायचंही आहे. आपल्याकडे असं होतं म्हणून तिकडेही तसंच असणार असं धरून चालू नका, आणि "हो हो, आमच्याकडे पण अगदी असंच" हे तर मध्येच अजिबात म्हणू नका, त्यांचं वाक्य तिथेच तुटतं. आपल्याकडे ज्वारी-गहू कडक उन्हात वाळतो. तिकडे ऑगस्टमध्येही पाऊस, धान्य दमट, म्हणून पेंढ्या एकमेकींना टेकवून शेतातच उभ्या करायच्या आणि वाऱ्याने वाळू द्यायच्या. ओट तर तीन रविवार चर्चची घंटा ऐकेपर्यंत उभा राहिला पाहिजे असं म्हणायचे. मग गंजी रचायची, तिला वरून पेंढ्याने शाकारायचं, आणि मळणी थेट हिवाळ्यात, जेव्हा वाफेचं इंजिन आणि मळणी यंत्र घेऊन कंत्राटदार गावोगाव फिरायचा. म्हणजे कापणी आणि मळणी या दोन वेगळ्या ऋतूंतल्या आठवणी आहेत, त्या एकत्र विचारल्या तर गोंधळ होतो. मळणीचं विचाराल तेव्हा भुसकट कोणाच्या वाट्याला यायचं ते विचारा, ते सगळ्यात घाणेरडं काम, डोळ्यात-नाकात जायचं, आणि ते बहुतेक पोरांच्या किंवा बायकांच्याच गळ्यात पडायचं. आणि गंजीच्या तळाशी उंदीर, म्हणून पुरुष गुडघ्याखाली पँटला दोरी बांधायचे.

डुक्कर. याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण लिंकनशायरमध्ये याच्याशिवाय घराचं चित्र पुरं होत नाही, आणि आपल्यातले काही जण, शाकाहारी असल्यामुळे किंवा नुसतं संकोचाने, हा विषय टाळतात. टाळू नका. मजुराच्या घरामागे एक डुक्कर असायचं, घरातलं उष्टं, बारीक बटाटे, जवाचं पीठ खाऊन वाढलेलं. थंडीच्या महिन्यांत मारायचं, म्हणजे मांस टिकतं. मारणारा माणूस गावातलाच, तो यायचा, आणि पुढचे तीनचार दिवस घरातल्या बाईला बसायला वेळ नसायचा. मोठे भाग मीठ आणि सोऱ्याने चोळून ठेवायचे, नंतर फडक्यात गुंडाळून छताच्या आकड्यांना टांगायचे, चरबी कढवायची, आतडी धुवायची, डोक्याचं उकडून जेलीसारखं करायचं. काळीज, यकृत वगैरे ताजं लगेच संपवावं लागतं, म्हणून शेजारीपाजारी ताटं जायची, मग त्यांचं डुक्कर मारलं की तुमच्याकडे ताट यायचं. लिंकनशायरमध्ये ते ताट परत करताना धुवायचं नाही अशी पद्धत होती, धुतलं तर मांसाला मीठ लागत नाही म्हणायचे. कोणाच्या घरी ताट जायचं आणि कोणाच्या घरी नाही एवढं विचारलंत तरी सगळ्या वाडीची माणसं तुमच्यासमोर उभी राहतील.

युद्धात तर हा सरकारी विषय झाला. ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखरेचं रेशनिंग सुरू झालं, आणि घरी डुक्कर मारणाऱ्यांना बेकनचं रेशन सोडावं लागायचं. त्यामुळे काही ठिकाणी नोंद एका डुकराची आणि गोठ्यात दोन, हेही चालायचं. हे विचारताना हसू नका, न्यायाधीशासारखंही विचारू नका, आज ऐंशी वर्षांनीही काही घरांत ते कुजबुजतच सांगतात.

आणि एक गोष्ट तुम्ही बाई आहात म्हणून तुम्हालाच विचारता येईल. मासिक पाळीत बाईने खारवायच्या मांसाला हात लावला तर मांस बिघडतं हा समज इंग्लंडच्या बऱ्याच भागात होता. मी एरवी स्वतःचं मध्ये आणत नाही, पण इथे मात्र आमच्याकडे लोणच्याच्या बरणीला हात लावू द्यायचे नाहीत हे आधी सांगते आणि मग थांबते. कोणी नुसतं मान हलवतं, कोणी सगळं सांगतं, फडकी कुठे धुवायची, कुठे वाळत घालायची, आईने काहीच कसं सांगितलं नव्हतं. हे सांगितलं तर रेकॉर्डिंगमध्ये ठेवू का ते त्याच दिवशी विचारून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खरं किती. माझा अनुभव असा की काम कसं करायचं हे माणूस फारसं चुकीचं सांगत नाही, पण केव्हा झालं हे सर्रास चुकतं, आणि त्या वेळी कसं वाटलं हे नंतरच्या आयुष्याने बदललेलं असतं. म्हणून साल विचारू नका, खुंटा विचारा. तुमच्या आजींचा जन्म १९३४ च्या आसपासचा. त्यांच्यासाठी खुंटे असे, १९४७ चा हिवाळा (जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत बर्फ, आणि मग बर्फ वितळून फेनमध्ये पूर), ३१ जानेवारी १९५३ च्या रात्रीचा पूर्व किनाऱ्यावरचा समुद्राचा पूर, त्याच वर्षी २ जूनला राणीचा राज्याभिषेक, ४ जुलै १९५४ ला मांसाचं रेशनिंग उठलं तो दिवस. आणि ससे. १९५३ मध्ये सशांचा मिक्सोमॅटोसिस रोग इंग्लंडमध्ये आला आणि दोनतीन वर्षांत बहुतेक ससे मेले, त्यानंतर बऱ्याच घरांत ससा खाणंच बंद झालं. त्यामुळे "सशाची पाई (कणकेच्या आवरणात भाजलेलं मांस) केली होती" ही आठवण बहुधा त्याआधीची. वीज सशांच्या आधी आली की नंतर, पहिला ट्रॅक्टर ४७ च्या बर्फात होता का, असं विचारलं की त्या स्वतःच डोळे मिटून हिशेब लावतात आणि तो बऱ्यापैकी बरोबर निघतो.

"कापणीला रात्री दहा-अकरापर्यंत उजेड असायचा" असं कोणी सांगितलं तर आठवण गोड करून सांगतायत असं समजू नका. युद्धात १९४१ पासून उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे असायची, खरंच उजेड असायचा. उलट "सगळे उन्हाळे छान कोरडे असायचे" हे मात्र सोडून द्या, आणि ते खोडूनही काढू नका, फक्त "एखाद्या वर्षी पेंढ्यांना शेतातच कोंब फुटले का?" एवढं विचारा.

कागदपत्रं पाहायची असतील तर १९३९ चं रजिस्टर आहेच, शंभर वर्षांच्या आतल्या हयात माणसांच्या ओळी त्यात झाकलेल्या असतात म्हणून आजींची दिसणार नाही, पण आईवडिलांची दिसायला हवी. १९३१ ची जनगणना आगीत जळली आणि १९४१ ची झालीच नाही, म्हणून त्याला जास्त महत्त्व. शाळेची रोजनिशी लिंकनच्या अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यात, असू शकते, त्यात मुलं बटाट्यामुळे गैरहजर वगैरे मुख्याध्यापक लिहायचे. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे १९४१ ते ४३ मधला नॅशनल फार्म सर्व्हे, लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये, ५ एकर आणि त्यावरच्या शेतांचा. त्यात पिकं, घोडे, ट्रॅक्टर, मजूर, पाणी कुठून, वीज आहे का, आणि शेतकरी ए, बी की सी दर्जाचा हेसुद्धा लिहिलेलं आहे. वडील ज्या शेतावर कामाला होते त्याचं नाव कळलं की ते शोधा. पण हे सगळं पहिल्या एकदोन बैठका झाल्यावर. आधी कागद वाचून गेलात तर तुम्ही परीक्षा घेतल्यासारखं विचाराल. त्याऐवजी जुना मोठ्या मापाचा नकाशा प्रिंट करून न्या, स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर इंग्लंडचेही जुने नकाशे फुकट दिसतात, आणि आजींना त्यावर बोट फिरवू द्या. शेतांची नावं, आडवाटा, कोणाच्या बांधावरून शाळेत जायचं, सगळं त्या बोटातून येतं. लिंकनमध्ये म्युझियम ऑफ लिंकनशायर लाइफ आहे, आजींना चालवत असेल तर घेऊन जा, मँगलसमोर उभं केलं की माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा जास्त काम होईल.

राहिला घरच्यांचा मुद्दा. तो मी हलक्यात घेत नाही. काही घरांत खरंच जखमा असतात. ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यसेवा, सुरू व्हायच्या आधी विम्यावर फुकट डॉक्टर फक्त कामावर जाणाऱ्या माणसाला मिळायचा, त्याच्या बायकोला आणि मुलांना नाही. त्यामुळे वडिलांना खोकला झाला तर डॉक्टर यायचा आणि आईला झाला तर पैशाचा विचार व्हायचा, आणि एखादं भावंड त्या विचारातच गेलेलं असू शकतं. मी "कोणी लहानपणी गेलं का?" असं कधीच विचारत नाही. "आजारी पडलं तर कोणाला बोलवायचात?" असं विचारते, त्यात सांगायचं की नाही हे त्यांच्या हातात राहतं. त्या थांबल्या तर तुम्हीही थांबा, फोन बंद करू का विचारा, आणि गप्प बसायची सवय ठेवा, कारण म्हाताऱ्या माणसाचं शांत बसणं बऱ्याचदा वाक्याचाच भाग असतो आणि आपण घाईने पुढचा प्रश्न टाकून ते बुडवतो. पण उकरायचं की नाही हे ठरवायचा हक्क आजींचा आहे, मुलांचा नाही. त्यांना सरळ विचारा की हे कोणी ऐकलं तर चालेल, आत्ता की नंतर, आणि त्यांचं उत्तरसुद्धा रेकॉर्ड करा.

बाकी तांत्रिक गोष्टी किरकोळ आहेत. फोन विमान मोडवर, टेबलावर फडकं टाकून त्यावर ठेवा, फ्रिजच्या खोलीत बसू नका, टिकटिक करणारं घड्याळ बाहेर. तासाभराच्या वर नको, त्या नाही म्हणाल्या तरी थकतात. सुरुवातीला तारीख आणि दोघींची नावं बोला. कानाचं यंत्र चालू आहे ना बघा. नवरा किंवा सासूबाई खोलीत नसतील तर उत्तम, असतील तर ते आजींची वाक्यं पुरी करतात.

पहिल्या बैठकीला फक्त स्वयंपाकघर घ्या. कागद-पेन्सिल देऊन खोली काढायला सांगा, चूल कुठे, खिडकी कुठे, पाणी कुठून आत यायचं, कोण कुठे बसायचं, आणि मग सोमवारी सकाळी आधी कोण उठायचं. ते झालं की इथेच लिहा, त्या काय म्हणाल्या त्यावरून पुढच्या वेळी बीट घ्यायचं की डुक्कर ते ठरवू. परवानगीचा फॉर्म आम्ही वापरतो तो साधा आहे, हवा असेल तर मेसेज करा, नावं काढून पाठवते.